भागीरथीने कोंडलेली मुशी

समुद्राकाठच्या कातळखोल गावात भागीरथी मेथर नावाची एक बाई राहत असे. कालवं काढण्यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. ओहोटी लागली की गावातल्या बायका पाटी आणि कोयती घेऊन खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर, उतरत. दगडाला चिकटलेली शिंपी कोयतीने फोडायची आणि आतलं कालव पाटीत टाकायचं, हेच त्यांचं काम. त्यावर घरं चालत. भागीरथी सगळ्यांच्या पुढे असे. तिचा आवाज खणखणीत होता आणि हसणं त्याहून मोठं. कुणाच्या घरी बाळंतपण असो की भांडण, भागीरथी काय म्हणते ते आधी विचारलं जाई. ती म्हणे ते बहुतेक वेळा बरोबर निघे. त्यामुळे आपणही चुकू शकतो, हे ती हळूहळू विसरून गेली होती.

खडपाच्या पुढे समुद्राचा तळ वाळूचा होता. तिथे एका जातीची मुशी, म्हणजे शार्कच्या कुळातला मासा, राहत असे. पिवळसर अंग, त्यावर काळपट ठिपके आणि अंगाएवढीच लांब शेपटी. माणसापेक्षा लांब वाढे, पण स्वभावाने अगदी गरीब. दिवसभर ती वाळूवर पोट टेकून, पुढच्या परांवर अंग किंचित उचलून, प्रवाहाकडे तोंड करून पडून राही. अंधार पडला की तळाशी चरायला निघे. पाणी नितळ असलं तर होडीतूनही ती दिसे. गावकरी तिला ठिपकी म्हणत. ठिपकी देवाची, असं ते मानत. ती जाळ्यात आली तर हात जोडून तिला परत पाण्यात सोडत.

खडपाच्या कपारींत आणखी एक मुशी फिरे. ती हातभर लांब, काळीभोर, अंगावर पिवळट आडवे पट्टे. सापासारखी वळवळत जाई. तिला सगळे पट्टेरी म्हणत. समुद्रात पट्ट्यापट्ट्यांचे विषारी साप असतात. त्यांच्याशी हिचं काहीतरी नातं असणार, असं लोकांना वाटे. तिच्यावर कुणाची माया नव्हती.

एका वर्षी खडपावर कालवं कमी झाली. शिंपी उघडावी तर आत रिकामी. बायका हताश होऊन घरी येऊ लागल्या. अशात एका सकाळी भागीरथीला रिकाम्या शिंप्यांच्या ढिगातून एक पट्टेरी सळसळत जाताना दिसली.

"गावलो चोर!" भागीरथी ओरडली. "ही खाता आपली कालवां!"

झालं. भागीरथीने सांगितलं म्हणजे ते खरंच. त्या दिवसापासून पट्टेरी दिसली की बायका काठीने मारू लागल्या. होड्यांतले पुरुष जाळ्यात आलेली पट्टेरी किनाऱ्यावर फेकून देऊ लागले. पण कालवं काही वाढली नाहीत. उलट दर वर्षी आणखी कमी झाली. पाण्यात ठिपक्याही पूर्वीसारख्या दिसेनात. दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

भागीरथीची धाकटी जाऊ तारामती. बोलायला मऊ, पण एखादी गोष्ट पटली नाही तर ती पटली नाही. एकदा खडपावर तिने एक रिकामी शिंपी उचलली आणि भागीरथीपुढे धरली.

"वयनी, ह्या भोक बघ. सुयेन पाडल्यासारख्या. मुशीच्या दातांनी असा पडात?"

"बारीक दात असतले मेलीचे," भागीरथी म्हणाली.

"सगळ्या शिंप्यांक असाच एकेक भोक आसा. आणि चावल्याची खूण एकावर पण नाय."

आजूबाजूच्या बायका कोयत्या थांबवून ऐकू लागल्या. भागीरथीला ते आवडलं नाही. "मगे कालवां कोण खाता? मी खातंय?" सगळ्या हसल्या. भागीरथीही हसली, पण तिच्या मनाला ते लागलं. ती म्हणाली, "थांब. एक जिती धरतंय आणि तुमच्या डोळ्यांसमोर तिका कालवां खावक लावतंय. मगे तरी पटात?"

दसरा नुकताच झाला होता. दुसऱ्याच ओहोटीला भागीरथीने एका लहानशा पट्टेरीवर पाटी उपडी टाकली आणि ती जिवंत धरली. खडपाच्या टोकाला, खाडीच्या आडोशाला एक मोठी कोंड होती. कातळातल्या त्या खोलगट जागेत प्रत्येक भरतीला नवं पाणी येई आणि ओहोटीतही ती भरलेली राही. भागीरथीने पट्टेरीला त्यात सोडलं आणि कोंडीच्या तोंडाला दगड रचले. मग कालवांनी भरलेल्या शिंप्या आत टाकल्या आणि काठावर बसून राहिली.

पट्टेरीने शिंप्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"लाजता," भागीरथी म्हणाली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पाहते तर शिंप्या तशाच. तिने आणखी टाकल्या. निवडून मोठ्या टाकल्या. पट्टेरी कोंडीच्या तळाशी निवांत पडून होती. "खा गो बाये!" भागीरथीने हात जोडले. "गावात तोंड दाखवूचा आसा माका. फुकटचा मिळता तर नखरे कित्याक करतस?"

पट्टेरी भुकेने मरेल अशी भीती वाटू लागली तेव्हा भागीरथीने हाताला लागेल ते कोंडीत टाकलं. दोन खेकडे आणि काही काटेरी शंख. हे शंख खडपावर जिकडेतिकडे झाले होते. आतली गोगलगाय चिवट, म्हणून त्यांना कुणी विचारत नसे. त्यांतला एक शंख कालवाच्या शिंपीवर चढून चिकटला होता, तो भागीरथीने ओढून काढून कोंडीत टाकला होता. शंख पाण्यात पडताच पट्टेरी उठली. तोंड लावून तिने आतली गोगलगाय सुर्रकन ओढून घेतली. मग दुसरी. मग तिसरी. भागीरथी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

ज्या शिंपीवरून तो एक शंख ओढून काढला होता, ती तिने पुन्हा उचलली. शंख जिथे चिकटला होता, नेमक्या तिथे सुईने पाडल्यासारखं भोक होतं. शिंपीच्या आत कालव नव्हतं.

भागीरथीला सगळं समजलं. पण समजणं आणि ते बोलून दाखवणं यांत मोठं अंतर असतं. खडपावर बायकांनी विचारलं, "काय गो, तुझ्या पट्टेरीन कालवां खाल्ल्यान?" तेव्हा ती पटकन बोलून गेली, "ती मेली." तारामतीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुन्हा कोयती चालवू लागली.

आता भागीरथीची मोठी पंचाईत झाली. मेलेल्या पट्टेरीला रोज खायला तर घालायला हवं. टोकाच्या कोंडीकडे एरवी कुणी फिरकत नसे. ती सगळ्यांच्या आधी खडपावर जाई. कोंडीच्या आसपासचे शंख वेचून आत टाकी. एखादा खेकडा सापडला तर तोही. पट्टेरीला तिच्या पावलांची सवय झाली. भागीरथी आली की ती तळावरून उठून काठाशी येई. भागीरथी तिच्याशी बोले. नवऱ्याची तक्रार सांगे, शेजारणीची नक्कल करून दाखवी. "तुका काय जाता ऐकूक," ती म्हणे, "तू थोडीच कोणाक सांगतलस." खडपावर कधी कुणी पट्टेरी मारली की त्या दिवशी मात्र भागीरथी कोंडीवर गप्प बसे.

शिमगा उलटला तोवर दोन गोष्टी घडल्या होत्या. पट्टेरी चांगली वाढली होती. आणि कोंडीच्या भोवती, जिथले शंख भागीरथी रोज वेचत होती, तिथल्या कातळावर कालवं दाटीने धरली होती. बाकी सगळं खडप ओसाड आणि तेवढा तुकडा भरलेला.

उन्हं तापली. पावसाळा तोंडावर आला. होड्या वर ओढायच्या दिवशी कातळखोलात सगळ्या गावाचं जेवण असे आणि पुढच्या हंगामाचे निर्णयही तेव्हाच होत. त्या दिवशी सकाळी भागीरथी कोंडीवर गेली. पाणी आरशासारखं स्थिर होतं. मुशी तळावर पसरून पडली होती. उन्हाचा कवडसा तिच्या पाठीवर पडला आणि भागीरथी खाली वाकून बघू लागली.

तिच्या अंगावरचा काळा रंग गेले काही महिने विरत चालला होता, हे भागीरथीने पाहिलं होतं. पट्टे तुटत होते, तेही पाहिलं होतं. ती आजारी असेल, असं तिला वाटलं होतं. आज तिला ते नीट दिसलं. पाठ पिवळसर झाली होती. तुटलेल्या पट्ट्यांचे ठिपके झाले होते. शेपटीवर मात्र अजून जुने पट्टे होते.

भागीरथी कातळावर खाली बसली. ठिपक्या कमी का झाल्या, ते तिला आता कळलं. गावाने आजवर काठीने मारलं, ती सगळी ठिपक्यांची पोरं होती. आणि मारायला तिनेच सांगितलं होतं.

भरतीचं पाणी चढू लागलं होतं. कोंडीच्या तोंडाचे दगड काढले तर मुशी आपोआप समुद्रात निघून गेली असती. कुणी काही विचारलं नसतं. मेलेल्या मुशीची चौकशी कोण करतो? पुढे सावकाश, आपल्याला काही सुचलं असं दाखवून बायकांना सांगता आलं असतं, की पट्टेरींना मारू नका. भागीरथीने वरचा दगड उचललासुद्धा. तेवढ्यात मुशी रोजच्यासारखी काठाशी आली आणि खाण्याची वाट बघत राहिली. तिला काय ठाऊक, काठावरची बाई कोण आहे? भागीरथीचे डोळे भरून आले. तिने दगड जागेवर ठेवला आणि पदराने तोंड पुसून ती गावाकडे चालू लागली.

माडांच्या सावलीत गाव जमलं होतं. होड्यांचा म्होरक्या आबा सारंग उभा राहून बोलत होता. "भागीरथीन चोर दाखवल्यान. पण काठीन एकेक मारून चोर संपणत नाय. पावसानंतर आपण सगळी जाळी एकत्र करूया आणि खडपापुढची वाळू तळापासून खरवडून काढूया. एक पट्टेरी शिल्लक रव्हता नये." लोकांनी माना डोलावल्या. आबाने पुढे होऊन एक हिरवी साडी आणि नारळ उचलला. "आणि ह्यो मान भागीरथीक."

"साडी थयच ठेवा," भागीरथी म्हणाली. "आधी माझ्याबरोबर चला. सगळी चला."

तिचा आवाज इतका वेगळा होता की कुणी कारण विचारलं नाही. सगळं गाव तिच्या मागून खडपावर गेलं आणि कोंडीभोवती गोळा झालं.

"ही तर ठिपकी!" आबा म्हणाला. "देवाची मुशी तू हय कोंडून ठेवलंस?"

"शेपटीकडे बघा," भागीरथी म्हणाली.

सगळे वाकले. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग एका म्हातारीने कपाळावर हात मारला.

"दसऱ्याक धरलंय तेव्हा ही सगळी पट्टेरी होती," भागीरथी सांगू लागली. "मेली म्हणान मी तुमका खोटा सांगितलंय. ही कालवां खाणा नाय. कालवां खातत ते काटेरी शंख, आणि शंखांक खाता ती ही. पट्टेरी आणि ठिपकी दोन मुशी नायत. एकच आसा. मी चुकलंय. माझ्या सांगण्यावरसून तुमी मारलास, तेचो दोष माझो."

काहीजणांचे चेहरे रागाने लाल झाले, काहीजण आपल्या हातांकडे बघत राहिले. मग भागीरथीचा नवरा सगुण, जो वर्षभरात चार वाक्यं बोलत असेल नसेल, तो हळूच म्हणाला, "म्हणजे आपण आयशीक हात जोडत होतो आणि पोरांक बडवत होतो!"

कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं. रडावं की हसावं हे न कळून सगळं गाव हसू लागलं आणि हसताहसता बऱ्याच बायकांनी डोळे पुसले. तारामती पुढे आली. आता ही आपल्याला बोल लावणार, असं भागीरथीला वाटलं. पण तारामतीने वाटेत उचललेला एक शंख कोंडीत टाकला. मुशीने तो सुर्रकन रिकामा केला तशी ती म्हणाली, "इतके महिने एकटीच भरवत होतंस हिका? माका तरी हाक मारूची होतंस, वयनी."

सगुण मात्र मागच्या मागे होडीकडे गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तळव्याएवढी एक काळपट, चामड्यासारखी पिशवी होती. तिच्या कडेला केसांसारखे झुपके होते. तळाला घासणाऱ्या जाळ्यात अशा पिशव्या नेहमी येत. समुद्रातला कचरा समजून पुरुष त्या किनाऱ्यावर टाकत आणि त्या उन्हात वाळून जात. ही आज सकाळच्याच जाळ्यातली होती, अजून ओली. सगुणने ती उन्हासमोर धरली. आत काहीतरी बारीक वळवळलं.

"अंडा," तो म्हणाला. आपण किती पिशव्या उन्हात टाकल्या, ते प्रत्येक पुरुष मनात आठवू लागला.

त्या दिवशीचं जेवण बरंच उशिरा झालं. खडपापुढच्या वाळूवर तळ घासणारं जाळं कुणी टाकायचं नाही, असं ठरलं. केसाळ पिशवी जाळ्यात आली तर ती ओली असतानाच वाळूवर परत सोडायची. पट्टेरीला कुणी हात लावायचा नाही. बायकांनी कालवांबरोबर शंखही वेचून काढायचे. आबा सारंगने साडी पुन्हा उचलली, तेव्हा भागीरथीने ती तारामतीच्या खांद्यावर टाकली. तारामतीने ती परत भागीरथीच्या खांद्यावर टाकली. शेवटी साडीचे दोन तुकडे करावेत की काय, अशी चर्चा सुरू झाली. मग सगुणच्या म्हाताऱ्या आईने ती स्वतःकडे ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी भरतीला भागीरथीने कोंडीचे दगड काढले. मुशी तोंडापाशी थोडी घुटमळली आणि शेपटी हलवत खोल पाण्यात गेली.

यानंतर सगळं लगेच सुधारलं, असं झालं नाही. मुशी काही कोळंबीसारखी वाढत नाही. तिला मोठं व्हायलाच वर्षं लागतात. मग ती अंडी घालते, तीही थोडी. त्यातून पिल्लू बाहेर यायला कित्येक महिने जातात. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. शंख वेचून बायकांची कंबर मोडली. कालवं जेमतेमच होती. जाळीवाले कुरकुरू लागले, की वाळूवरची चांगली मासळी आम्ही का सोडायची? खडपावर एकीने चिडून विचारलं, "खय गेल्यो गो तुझ्यो मुशी?"

"मारूक घाई होती, आता वाट बघूक काय झाला?" भागीरथी म्हणाली आणि शंख वेचत राहिली. पूर्वी ती असं म्हणाली असती तर भांडण झालं असतं. आता झालं नाही. जी बाई आपली चूक सगळ्या गावासमोर सांगते, तिच्याशी भांडायला लोकांना जड जातं. जाळीवालेही कुरकुरत का होईना, वाळू सोडून जाळी टाकत राहिले.

आणि मग, आणखी काही वर्षांनी, ते झालं. नितळ पाण्याच्या एका सकाळी आबा सारंगने होडीतून खाली पाहिलं, तर वाळूवर ठिपक्या पडलेल्या, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. तो इतका जोरात ओरडला की किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं होडी फुटली. खडपावरचे शंख ओसरले. कालवं पुन्हा दगडादगडाला धरली. पाट्या भरू लागल्या. कपारीकपारीतून लहान लहान पट्टेरी फिरताना दिसू लागल्या, आणि बायका त्यांच्यामधून पाय जपून टाकत कामं करू लागल्या.

एकदा ओहोटीला भागीरथी गुडघाभर पाण्यात उभी राहून सगळ्यांना समजावत होती, की पट्टेरीला घाबरायचं काही कारण नाही, ती अगदी गरीब असते. तेवढ्यात एक पट्टेरी तिच्या पोटरीला घासून गेली. भागीरथी "आये गे!" करून अशी उडाली, की पाटी एकीकडे, कोयती दुसरीकडे आणि ती स्वतः तारामतीच्या गळ्यात. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. भागीरथीने मान वळवून पाहिलं. मुशी केव्हाच निघून गेली होती.

"हसा, हसा," ती म्हणाली, "पण पाटी कोण धरता ती? सगळी कालवां पाण्यात गेली माझी!" आणि सगळ्याजणी वाकून तिची कालवं गोळा करू लागल्या.

तात्पर्य: ज्याची पुरती ओळख नाही, त्याला अपराधी ठरवू नये, आणि तशी चूक झालीच, तर ती उमगताच सगळ्यांसमोर कबूल करावी, म्हणजे ती निस्तरायला सगळ्यांचे हात लागतात.